गच्चीवरची तार आणि भाड्याचा मनोरा एका फायलीत घालू नका

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

विषय: हौशी रेडिओ केंद्रांच्या अँटेना आणि त्याच गच्चीवर किंवा त्याच मास्टवर (अँटेनाच्या उभ्या खांबावर) बसवलेली व्यावसायिक उपकरणे. परवानगी देताना काय मोजावे, काय तपासावे.

स. न. वि. वि.

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहून आजूबाजूला पाहिले, तर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्ट रूम सोडून जे काही आकाशात घुसलेले दिसते, त्याला आपण सगळे सरसकट 'टॉवर' म्हणतो. त्यात मोबाइल कंपनीचे उभे पांढरे पॅनेल असतात, ब्रॉडबँडवाल्याचे ताटलीएवढे रेडिओ असतात, टीव्हीच्या छत्र्या असतात. आणि क्वचित कुठे दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपावर ताणलेली एक बारीक तार असते. ती तार हौशी रेडिओवाल्याची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या हॅमची. तिचे आणि शेजारच्या पॅनेलचे काम वेगळे, वजन वेगळे, कायदाही वेगळा. दोन्ही एकाच गच्चीवर, किंवा कधी एकाच पाइपावर आल्या की मात्र गोंधळ होतो. समिती म्हणते भाडे द्या, कंपनीचा कंत्राटदार म्हणतो तार काढा, आणि विभाग कार्यालयातल्या अभियंत्यापुढे प्रश्न येतो की हा अर्ज कुठल्या रकान्यात टाकायचा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. उपकरणाच्या नावावरून रकाना ठरवू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: वारा अडवणारे क्षेत्रफळ किती, समुद्रसपाटीपासून माथा किती उंच, आणि त्या उपकरणातून पैसे कोण कमावतो. पहिल्या दोन प्रश्नांत हॅमला कसलीही सवलत नको. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणीही नाही' असेल, तर मात्र त्याला मोबाइल मनोऱ्याचे शुल्क, करार आणि संमतीची कागदपत्रे लावू नयेत.

आधी अधिकार कोणाचा, ते पाहू. बिनतारी संदेशवहन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या सूचीतला ३१ वा विषय आहे. हौशी केंद्राचा परवाना १९७८ च्या हौशी सेवा नियमांखाली केंद्रीय दूरसंचार विभागाची दिल्लीतली डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. त्यावर 'व्हीयू' ने सुरू होणारे कॉल साइन (केंद्राचे ओळखनाव) असते आणि केंद्राचा पत्ताही असतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्तीने बोलायचे, हे महापालिकेने किंवा सोसायटीने ठरवायचे नाही. पण पाइप कशात रोवला, गच्ची गळेल का, वादळात तो रस्त्यावर पडेल का, हे पूर्णपणे महापालिकेचे आणि सोसायटीचे काम आहे. 'आमच्याकडे केंद्र सरकारचा परवाना आहे' एवढे सांगून जो हॅम स्ट्रक्चरल तपासणी टाळतो, त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

पैशाचा मुद्दा व्याख्येतच आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या १.५६ व्या कलमात हौशी सेवा म्हणजे स्वशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी, केवळ वैयक्तिक आवडीने आणि आर्थिक हितसंबंधाशिवाय चालवलेली सेवा, असे म्हटले आहे. म्हणजे हॅमच्या ट्रान्समीटरवरून कुरिअरवाल्याचा, बिल्डरच्या साइटचा किंवा सिक्युरिटी एजन्सीचा निरोप गेला, तर तो प्रश्न गच्चीचा राहत नाही, परवान्याचाच होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'हॅम' या नावाखाली वॉकीटॉकीचा व्यावसायिक रिपीटर (आलेला संकेत पुन्हा दूरवर पाठवणारे यंत्र) बसवण्याचा मोह अधूनमधून कोणाला तरी होतोच. असा रिपीटर आढळला तर तो व्यावसायिकच धरावा.

एकत्र वापराचे प्रकार प्रत्यक्षात चार. पहिला: गच्ची एक, पण मास्ट वेगवेगळे. यात हॅमची फाईल स्वतंत्र ठेवावी, फक्त दोन मास्टमधले अंतर आणि अर्थिंग तपासावे. दुसरा: हॅमने आपल्या तारेचे एक टोक कंपनीच्या मनोऱ्याला बांधलेले असते. हे कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कधीच चालू देऊ नये. तार हलकी असली तरी मनोऱ्याच्या डिझाइनमध्ये ती आडवी ओढ धरलेली नसते, आणि वर चढणारा रिगर (मनोऱ्यावर काम करणारा कामगार) नेमका त्याच तारेत अडकतो. तिसरा प्रकार सर्वांत वादाचा: सोसायटीच्या संमतीने हॅमने उभारलेल्या मास्टवर नंतर ब्रॉडबँडवाल्याचा रेडिओ किंवा रस्त्यावरच्या सीसीटीव्हीची लिंक चढते. चौथा याच्या उलट, म्हणजे सोसायटीने भाड्याने दिलेल्या मास्टवर वरचा अर्धा मीटर हॅमच्या व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या) अँटेनाला मिळतो.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात आमची सूचना अशी. पाइप, पाया आणि ताणतारा (मास्टला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा) यांची तपासणी सगळ्या भारांची बेरीज करून एकदाच, व्यावसायिक निकषाने व्हावी. शुल्क आणि करार फक्त व्यावसायिक उपकरणापुरते असावेत. भाडे सोसायटीच्या खात्यात जावे, हॅमच्या खिशात नाही. गच्ची त्याच्या मालकीची नाहीच, आणि पैसे घेतले की 'आर्थिक हितसंबंध नाही' हे वाक्य त्याला छातीठोकपणे म्हणता येत नाही. भाडेकरार संपून कंपनीचा डबा उतरला की तो मास्ट पुन्हा निव्वळ हौशी समजावा. करार संपला म्हणून हॅमची तारही कापली, असे होऊ नये.

आता भार. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात (२०१५) मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला नोंदलेला झोत ताशी ११४ किलोमीटरचा होता, म्हणजे मानक त्याच्या बरेच वर आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ या सूत्राने दाब येतो सुमारे ११६० न्यूटन प्रति चौरस मीटर. साध्या भाषेत, वाऱ्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर ११८ किलोचा रेटा. उंची, भूभाग आणि आकार यांचे गुणक यावर वेगळे लागतात, पण तुलनेला एवढे पुरेसे आहे.

७ मेगाहर्ट्झवरचा अर्धतरंग डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, ही २० मीटर लांब आणि २ मिलिमीटर जाडीची तार. क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर, त्यावर रेटा पाच किलोहून कमी. दीड-पावणेदोन मीटर उंचीची फायबरग्लासची व्हीएचएफ काठी साधारण सहा किलोचा रेटा घेते. तीन एलिमेंटची एचएफ (३० मेगाहर्ट्झखालची) यागी, म्हणजे आडव्या नळ्यांची एका दिशेची अँटेना, धरली तर अर्धा चौरस मीटर, म्हणजे ५९ किलो. मोबाइलचे एक सेक्टर पॅनेल दोन मीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद असते. ते एकटेच ७१ किलोचा रेटा घेते, असे तीन असतात (तिन्ही एकदम वाऱ्यासमोर येत नाहीत, हे खरे), आणि त्यांच्या पाठीशी रेडिओ युनिटचे वजन वेगळे. तेव्हा तारेच्या डायपोलला मनोरा म्हणणे जितके हास्यास्पद, तितकेच मोठ्या यागीला 'फक्त एक अँटेना आहे हो' म्हणणे चुकीचे. दोन्ही बाजूंनी ही अतिशयोक्ती चालते.

यागीचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण हॅमच्या चुका इथेच होतात. दीड इंची मध्यम दर्जाचा जीआय पाइप, बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो सहा मीटर मोकळा उभा केला आणि टोकाला अर्ध्या चौरस मीटरची यागी लावली, तर बुडाशी आघूर्ण (वाकवणारा जोर) येतो सुमारे ४,५०० न्यूटन-मीटर: यागीचा ३,५००, पाइपाच्या स्वतःच्या अंगावरच्या वाऱ्याचा हजार. या पाइपाचा छेद-मापांक, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे माप, ४.८ घन सेंटिमीटर. भागाकार केला की ताण येतो ९०० मेगापास्कलच्या पुढे. हे पोलाद साधारण २१० ते २४० ला वाकते. म्हणजे चौपट! असा पाइप वादळात पडेल की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ताणतारा नसलेला सहा मीटरचा दीड इंची मास्ट आणि त्यावर यागी दिसली, तर अभियंत्याने पुढची कागदपत्रे न पाहता ती उतरवायला सांगावी. उलट याच पाइपाला साडेचार ते पाच मीटरवर तीन दिशांना, १२० अंशांच्या अंतराने ताणतारा असतील, तर बुडाशी येणारा आघूर्ण खूपच घटतो आणि पाइप मुख्यतः दाबाखाली काम करतो. तारांच्या वर जो तुकडा मोकळा राहतो तो मात्र पुन्हा तपासावा लागतो. तिथे दीड मीटर उरला असेल तर यागीसाठी दोन इंची पाइप घेणेच शहाणपणाचे.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी जाहिरातफलक कोसळून १७ जीव गेले. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना तो १२० बाय १२० फुटांचा होता. त्यानंतर उंचावर जे काही उभे आहे त्याकडे संशयाने पाहिले जाते, ते योग्यच आहे. फक्त संशय क्षेत्रफळाच्या प्रमाणात असावा. त्या फलकाचे क्षेत्रफळ १,३०० चौरस मीटरच्या वर होते.

ताणतारा कशाला बांधल्या, हे कागदावर दिसत नाही. त्यासाठी वर जावे लागते. सर्वांत मोठा दोष एकच: कठड्याला मारलेला अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट. गच्चीचा कठडा बहुतेक जुन्या इमारतींत साडेचार किंवा नऊ इंची विटांचा असतो, वरून प्लॅस्टर. फास्टनर विटेत फुलतो, पहिल्या पावसाळ्यात त्याच्याभोवती केसाएवढी भेग पडते, दुसऱ्या वर्षी प्लॅस्टर सुटते, आणि वारा आला की फास्टनर एकटा निघत नाही, कठड्याचा तुकडा घेऊन रस्त्यावर जातो. ताणतार आरसीसी कॉलमच्या डोक्याला किंवा बीमलाच बांधावी. लिफ्ट रूमच्या आरसीसी चौकटीला बांधली तरी चालते, तिच्या विटांच्या भिंतीला नाही. पायासाठी ब्रिकबॅट कोबा (गच्चीचा पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) फोडू नये. एकदा चायना मोझेक फुटले की खालच्या घरात गळती सुरू होते आणि ती नेमकी तिथूनच आहे की नाही, यावर पाच वर्षे भांडण चालते. त्याऐवजी चौकोनी पोलादी बैठक, तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे, खाली रबराची चटई, असा न भोकता बसवायचा पाया घ्यावा. मात्र ठोकळ्यांचे वजन स्लॅबच्या मध्यावर नव्हे, बीमच्या रेषेवर यायला हवे, आणि किती वजन ठेवले ते स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून द्यावे.

खाऱ्या हवेचा हिशेब वेगळाच. जीआयचा वायर रोप बाहेरून चांगला दिसतो, आतला गाभा गंजलेला असतो. तो वाकवून पाहावा, तांबडी भुकटी सांडली तर बदलावा. टोकाला यू-बोल्टच्या तीन क्लिपा असाव्यात, आणि क्लिपचे खोगीर ताण घेणाऱ्या दोरावर, वळलेला बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटे बसवले तर बोल्ट ताणाच्या दोरालाच चावतो आणि तो तिथेच तुटतो. टर्नबकलला (तार ताणण्याच्या आट्यांच्या कडीला) लॉक वायर हवी, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो स्वतःच उलगडत जातो. निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकच्या दोरीने मास्ट ताणलेला दिसला तर ती एक-दोन उन्हाळ्यांत पीठ होते, हे लक्षात ठेवावे. पाइप आतून गंजतो, म्हणून वरचे तोंड झाकलेले आणि बुडाशी सहा मिलिमीटरचे पाणी-भोक असावे. बुडाजवळ हातोडीने टकटक केले की खणखणीत पाइप वाजतो आणि गंजलेला भदभदतो. या तपासणीला यंत्र लागत नाही, वॉचमनलाही शिकवता येते.

रेडिओच्या परस्पर त्रासाबद्दल दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. कंपनीचा माणूस म्हणतो, हॅममुळे आमचे नेटवर्क बिघडते. हॅम म्हणतो, माझी फ्रिक्वेन्सी १४ मेगाहर्ट्झ, यांची १८००, संबंध काय? संबंध असतो, पण भलत्याच वाटेने. एकाच गच्चीवर दोन कंपन्यांचे १८१० आणि १८७० मेगाहर्ट्झचे प्रसारण चालू आहे असे समजा. पॅनेलसमोर दोन मीटरवर हॅमचा गंजका शॅकल (तार अडकवायची लोखंडी कडी) आहे. गंजलेला सांधा डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो, दोन्ही लहरी त्यात मिसळतात आणि १८१० च्या दुपटीतून १८७० वजा करून १७५० मेगाहर्ट्झचा नवा संकेत तयार होतो. मनोरा फोनचे बोलणे १७१० ते १७८५ मध्ये ऐकतो. म्हणजे तो संकेत थेट त्याच्या कानात! यात हॅमचा रेडिओ बंद असला तरी फरक पडत नाही. म्हणून 'हॅमला प्रसारण थांबवायला सांगा' हा उपाय अनेकदा निरुपयोगी ठरतो आणि दोष मात्र त्याच्याच माथी राहतो. उपाय साधा आहे: पॅनेलच्या समोरच्या बाजूला धातूच्या ताणतारा, साखळ्या, सुटे क्लँप ठेवायचे नाहीत, तिथे अतिनील किरणांना टिकणारा पॉलिस्टर दोर वापरायचा.

दुसरी वाट हार्मोनिकची, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट निघणाऱ्या नकोशा संकेतांची. हॅमचे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ दुप्पट केले की ८६८ ते ८७६ येतात, आणि ८०० च्या पट्ट्यात मनोरे ८६९ ते ८८९ वर बोलतात. स्वस्त रेडिओला हे वरचे संकेत अडवणारा चांगला लो-पास फिल्टर नसेल तर वरच्या मजल्यावरच्या फोनना त्रास होऊ शकतो. तक्रार आली तर हॅमने फिल्टर लावून दाखवावे, त्यात मानापमान काही नाही.

उलट दिशेने कंपनीचा त्रास हॅमला जास्त होतो. मनोऱ्याच्या ४८ व्होल्टच्या पॉवर प्लांटमधले रेक्टिफायर एचएफवर भरभर आवाज टाकतात. सोसायटीच्या लिफ्टचा ड्राइव्ह आणि सोलरचा इन्व्हर्टरही तेच करतात. अँटेनाच्या कोॲक्स केबलचे आठ-दहा वेढे मिक्स ३१ च्या मोठ्या फेराइट (चुंबकीय) कड्याला दिले तर बराचसा भाग निघतो, पण पॉवर केबलवरचा असाच चोक कंपनीनेच बसवायला हवा. भाडेकरारात तशी एक ओळ घालायला सोसायटीला काहीच खर्च येत नाही.

एकाच मास्टवर दोन व्हीएचएफ अँटेना असतील, एक हॅमची १४५ मेगाहर्ट्झची आणि एक परवानाधारक व्यावसायिक रिपीटरची, तर त्या शेजारी शेजारी लावू नयेत. चार मीटरच्या आडव्या अंतराने, अँटेनांचा गेन (एका दिशेला जोर वाढवण्याची क्षमता) वजा जाता, एकीच्या लहरींपासून दुसरीला जेमतेम २३ डेसिबल सुटका मिळते. तेच चार मीटर एकीवर एक ठेवले तर सुमारे ३९. मुंबईत आडवी जागा नसते पण उभी असते, त्यामुळे हे सुदैवच. तेवढ्याने भागले नाही तर एकच अरुंद पट्टा जाऊ देणारा कॅव्हिटी फिल्टर.

माणसांच्या सुरक्षेचे बोलू. दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हॅमचे अनेक पट्टे ज्यात येतात त्या १० ते ४०० मेगाहर्ट्झला १९९८ ची आंतरराष्ट्रीय मर्यादा २ वॅट प्रति चौरस मीटर आहे. आम्ही स्वतःलाही एक दशांश, म्हणजे ०.२ लावून घ्यायला तयार आहोत. १०० वॅट आणि साधा डायपोल धरला तर मोकळ्या जागेत हे अंतर आठ मीटर येते, गच्चीवरून होणारे परावर्तन धरले तर तेरा. हा आकडा पूर्ण शक्तीने न थांबता प्रसारण केले तरचा आहे. बोलताना सरासरी शक्ती बरीच कमी असते आणि मध्ये स्लॅब असला की आणखी कमी. तरीही डायपोलचे टोक समोरच्या विंगच्या बाल्कनीपासून तीन मीटरवर आणून बांधले असेल, तर ते हलवायलाच हवे. टोकाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असते आणि तिथे हात लागला तर भाजते, हे वेगळे. त्यामुळे कपडे वाळत घालणाऱ्यांच्या डोक्यावरून जाणारी तार किमान तीन मीटर उंच हवी.

वर चढणाऱ्या कामगाराची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती हॅमच्या अर्जातही नसते, कंपनीच्या करारातही नसते. मिश्र मास्टवर रिगर चढणार असेल तेव्हा हॅमचा रेडिओ फक्त बंद करून भागत नाही, घरातून कोणीही तो चालू करू शकतो. गच्चीवरच्या एंट्री पॅनेलमधून कोॲक्सचा कनेक्टर काढून तो रिगरच्या खिशात द्यावा. आणि हॅम पॅनेलच्या समोर चढणार असेल तर कंपनीला आधी कळवून त्या सेक्टरची शक्ती कमी करून घ्यावी. दोघांचे फोन नंबर मास्टच्या बुडाशी पाटीवर असावेत. अशी पाटी बनवायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

अर्थिंगमध्ये एक चूक वारंवार होते. हॅमने आपला रेडिओ पाण्याच्या पाइपाला अर्थ केलेला असतो. वीस वर्षांपूर्वी ते कसेबसे चालत असे. पुनर्विकासात किंवा दुरुस्तीत तो पाइप सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) झाला की अर्थ संपला, आणि ते कोणाला कळतही नाही. दुसरी चूक याहून गंभीर: हॅमचा अर्थिंगचा खड्डा वेगळा, कंपनीचा वेगळा, इमारतीच्या वीजरोधकाचा तिसरा, आणि तिन्ही एकमेकांना न जोडलेले. वीज पडली की तीन खड्ड्यांच्या पातळीत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो कोॲक्समधून घरात शिरतो. सगळे मास्ट २५ बाय ३ मिलिमीटरच्या पट्टीने एकाच जाळ्याला जोडावेत, आणि कोॲक्स इमारतीत शिरते तिथे गॅस ट्यूबचा सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) असावा. तांब्याची पट्टी थेट जीआयवर बोल्ट करू नये, मध्ये कथिल चढवलेला लग (जोडाचा तुकडा) हवा. मुंबईच्या हवेत असा थेट सांधा दोन वर्षांत जस्त खाऊन टाकतो.

उंचीच्या बाबतीत हॅम आणि कंपनी दोघेही गच्चीपासून मोजतात, विमानतळ मात्र समुद्रसपाटीपासून मोजतो. २०१५ च्या नागरी विमान वाहतूक नियमांप्रमाणे परवानगीच्या उंचीत मास्ट, अँटेना, टाकी, वीजरोधक, सगळे धरले जाते. सांताक्रूझ आणि जुहू या दोन विमानतळांच्या टापूत इमारत बांधतानाच ना-हरकत पत्रातली उंची बिल्डरने संपवलेली असते. अशा इमारतीवर तीन मीटरचा पाइपही बसत नाही, मग तो हौशी असो की भाड्याचा. अर्जासोबत इमारतीच्या त्या पत्राची प्रत जोडली तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. ती नसेल तर तो महिनोन्महिने रेंगाळतो.

अमेरिकेत याच विषयावर १९८५ मध्ये तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाचा पीआरबी-१ नावाचा आदेश निघाला. स्थानिक संस्थेने हौशी अँटेनाला वाजवी सामावून घ्यावे आणि आपला हेतू साधण्यापुरतेच कमीत कमी निर्बंध घालावेत, असे त्यात आहे. त्याचे दोन बारकावे आपल्या कामाचे आहेत. हे संरक्षण हौशी संपर्काला आहे, मनोऱ्यावर बसवलेल्या भाडेकरूला नाही. आणि घरमालकांच्या खासगी करारांना ते लागू होत नाही. म्हणजे तिकडेही खरा अडसर नगरपालिकेपेक्षा आपापसातल्या करारात आहे. आपल्याकडे तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आहे. दूरसंचार कंपन्यांना मार्गाधिकाराचे (दुसऱ्याच्या जागेवर केबल आणि मनोरे उभारण्याच्या हक्काचे) २०२४ चे केंद्रीय नियम आहेत, ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. हॅम त्यात बसत नाही आणि बसवावा अशी मागणीही आम्ही करत नाही.

समित्यांना म्हणून वेगळी विनंती. ठराव करताना 'अँटेनाला परवानगी दिली' असे एका ओळीत लिहू नका. मास्टची उंची, पाइपाचा व्यास, अँटेनाचे क्षेत्रफळ, बांधणीच्या जागा (कॉलमच्या क्रमांकासह), आणि हे सारे काढायची वेळ आली तर खर्च कोणाचा, हे लिहा. उपकरण बदलले तर क्षेत्रफळ वाढत नसेल तोवर नवा ठराव नको, वाढत असेल तर हवा, हेही लिहा. हॅम हा सभासद आहे, भाडेकरू नाही, तेव्हा त्याच्याकडून भाडे मागू नका. गच्चीच्या चावीची नोंदवही मात्र त्यालाही लागू करा. आणि मोबाइल कंपनीशी करार करताना 'संपूर्ण गच्चीचा एकाधिकार' देणारे कलम वाचून पाहा. ते छापील मसुद्यात असू शकते, आणि एकदा सही झाली की हॅमच नव्हे, सोलरवालाही अडतो.

आपत्तीतल्या उपयोगाचे फार ढोल वाजवायचे नाहीत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हौशी केंद्र चालवत होत्या आणि अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क त्यातून राहिला, हे सर्वश्रुत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल कसे मुके झाले, हे मुंबईकराला सांगायला नको. मिश्र मास्टच्या बाबतीत यातून एकच व्यावहारिक गोष्ट निघते: हॅमच्या उपकरणाची वीज कंपनीच्या पॉवर प्लांटवरून घेऊ नये. स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी आणि स्वतंत्र वायर हवी. कंपनीचा जनरेटर डिझेल संपून बंद पडेल, तेव्हाच हॅमची गरज असेल.

महापालिकेकडे आमची मागणी एका पानाच्या अर्जाची आहे. वर परवान्याचा क्रमांक आणि पत्ता, ते जुळतात का हे पाहता यावे म्हणून. मग मास्टचा व्यास, जाडी, गच्चीपासून आणि समुद्रसपाटीपासून माथ्याची उंची, सर्व अँटेनांच्या क्षेत्रफळाची बेरीज. त्याखाली एकच चौकट: या मास्टवर व्यावसायिक उपकरण आहे का, असल्यास कोणाचे, त्याचे क्षेत्रफळ किती. सोबत परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरची सही, सोसायटीचा ठराव आणि चारही बाजूंनी काढलेले फोटो, त्यात ताणतारांचे खालचे टोक स्पष्ट दिसायला हवे. आमच्या मते गच्चीपासून तीन मीटरपर्यंतचा मास्ट आणि एकूण ०.१ चौरस मीटरपर्यंतची निव्वळ हौशी अँटेना असेल, तर फक्त कळवणे पुरेसे मानावे. त्यात तारेचे डायपोल आणि व्हीएचएफ काठ्या येतात. यागी येत नाही, येऊही नये.

दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गच्चीच्या पावसाळापूर्व कामांसोबतच मास्टचीही पाहणी व्हावी. क्लिपा, टर्नबकल, पाइपाचे बूड, अर्थचा सांधा, कोॲक्सला इमारतीत शिरण्याआधी दिलेला पाणी गळण्याचा वळसा. दोघांना मिळून चाळीस मिनिटांचे काम. मिश्र मास्ट असेल तर त्या दिवशी कंपनीचा माणूसही हजर असावा आणि नोंदवहीत तिघांच्या सह्या व्हाव्यात. अर्जाचा मसुदा आणि पाहणीचा तक्ता आम्ही मराठीत तयार केला आहे. इमारत प्रस्ताव विभागाने वेळ दिल्यास तो घेऊन येऊ, आणि एखाद्या विभाग कार्यालयाच्या हद्दीत आधी करून पाहायचा असेल तर मोजमापाची टेप आणि चढायला माणसे आमची.

आपले,
मुंबईतील काही परवानाधारक हौशी रेडिओचालक आणि स्ट्रक्चरल इंजिनियर